दोन घरचा पाहुणा : माझी एस-२००० विकताना

गेल्या महिन्यात मी माझी होंडा एस-२००० विकली. २००० सालचे मॉडेल, सिल्व्हरस्टोन या नावाचा चंदेरी रंग, दोन आसने, कापडी छप्पर आणि सहा गिअर. ती बारा वर्षे माझ्याकडे होती आणि विकायला अकरा आठवडे लागले. माझ्या एका सहकाऱ्याची अशीच, पण कोणी पानासुद्धा न लावलेली एस-२००० इथेच, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमध्ये, चार दिवसांत गेली होती, आणि तीही माझ्यापेक्षा चढ्या भावाने. तेव्हा बारा वर्षांत मी माझ्या गाडीवर जे काही केले, त्याचा बाजाराने काय हिशेब लावला हे एकदा नीट लिहून काढावे असे वाटले.

होंडाने ही गाडी भारतात कधी विक्रीला आणली नाही, म्हणून आधी तिची थोडी ओळख करून देतो. १९९८ साली कंपनीला पन्नास वर्षे पूर्ण झाली, त्या निमित्ताने तिची आखणी झाली आणि १९९९ साली ती जपानमध्ये बाजारात आली. प्रमुख अभियंते होते शिगेरु उएहारा, म्हणजे होंडाची एनएसएक्स ही स्पोर्ट्स कार घडवणारेच. इंजिन पुढे, पण पुढच्या चाकांच्या आसामागे सरकवलेले. ताकद मागच्या चाकांना. आणि वजन पुढे-मागे जवळजवळ निम्मे-निम्मे. इंजिन अवघे १९९७ सीसीचे, टर्बो वगैरे काही नाही, तरी अमेरिकेतल्या आवृत्तीत ते ८३०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांवर, २४० अश्वशक्ती देते. साध्या गाडीचे इंजिन जिथे दमते त्या सहा हजारांच्या आसपास हिचा व्हीटेक लागतो, म्हणजे कॅमशाफ्टवरचे मोठे उंचवटे कामाला लागतात, व्हॉल्व्ह अधिक आणि अधिक वेळ उघडतात, आणि तिथून नऊ हजारांच्या तांबड्या रेषेपर्यंत गाडीचा आवाजच बदलतो. सहा हजारांच्या खाली मात्र ती कोणत्याही सरळमार्गी होंडासारखी ऑफिसला जाते. ‘हिच्यात दम नाही’ असे म्हणणारी माणसे बहुधा सहा हजारांच्या वर कधी गेलेलीच नसतात.

माझे बालपण कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरातल्या लेथच्या आवाजात गेले. अण्णा टर्नर होते. ‘एक थाऊ कमी निघाला’ म्हणजे इंचाचा हजारावा भाग चुकला, आणि एवढ्यावरून नग बाजूला पडतो, हे मला शाळेतल्या पाढ्यांबरोबरच कळले. केलेल्या प्रत्येक कामाची तारीख, माप आणि वापरलेला माल ते एका निळ्या वहीत लिहून ठेवीत. एस-२००० घेतल्यावर पहिल्याच तेलबदलीला मीही तशीच एक वही सुरू केली. त्या वहीचे पुढे काय झाले ते ओघाने येईलच.

गाडी घेतली तेव्हा ती रस्त्यावर चालवायचीच होती. मग एका मित्राने थंडरहिलला नेले. कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात विलोज नावाचे गाव आहे, त्याच्याजवळ हा शर्यतीचा ट्रॅक आहे, आणि उन्हाळ्यात तिथे चाळीस अंशांच्या वर तापमान जाते. तिसऱ्या सत्रात ब्रेकचे पेडल एकदम लोण्यासारखे खाली गेले. ब्रेक फ्लुइड उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले की पाय बुडबुडे दाबतो, ब्रेक दाबत नाही. वळण मोकळे होते, बाजूला गवत होते, म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी वहीत पहिली ‘सुधारणा’ लिहिली गेली: उच्च उत्कलनबिंदूचे फ्लुइड आणि ट्रॅकचे ब्रेक पॅड. सगळ्यांची सुरुवात अशीच होते. आधी जीव वाचवण्यासाठी खर्च होतो, मग दोन सेकंदांसाठी, आणि शेवटी का होतो हे कोणी विचारत नाही.

त्यानंतर कॉइलओव्हर, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकचे जोड, आले. मूळची सोळा इंची चाके जाऊन सतरा इंची, नऊ इंच रुंद चाके आली. कारखान्यातून या मॉडेलला पुढे २०५ आणि मागे २२५ रुंदीचे टायर येतात. मी चारही चाकांना २५५ चे बसवले, म्हणजे पुढची पकड एकाएकी वाढली आणि मागचा भाग सुटू पाहू लागला, म्हणून पुढचा अँटी-रोल बार, म्हणजे वळणात गाडीला कलू न देणारी दांडी, जाड घ्यावा लागला. एवढे रुंद टायर आत बसावेत म्हणून मडगार्डची आतली कड गुंडाळावी लागते. ते काम मी एका गॅरेजला दिले आणि त्यांनी पत्रा पुरेसा न तापवताच रोलर फिरवला, त्यामुळे मागच्या डाव्या मडगार्डच्या रंगाला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडल्या. गॅरेजवाले म्हणाले, रंग आधीपासूनच कच्चा होता. त्यांच्याशी भांडून काही हाती लागले नाही. पुढे विकताना त्या हातभर पट्ट्याने किती पैसे कापले ते ऐकून मात्र पुन्हा भांडायला जावेसे वाटले.

मग रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर डोके वाचवणारी आसनांमागची नळी, आणि एकसंध कवचाचे शर्यतीचे आसन. इंजिनाला मी जवळजवळ हात लावला नाही. पहिल्या वर्षांतल्या इंजिनांत पिस्टनच्या खालून तेल उडवणाऱ्या नळ्यांचे बोल्ट दोन छिद्रांचे होते, ते बदलून चार छिद्रांचे घातले, एवढेच. इंजिनाच्या संगणकातल्या प्रोग्रॅमला तर बोटही लावले नाही.

आता खरी अडचण सांगतो. ‘रस्त्यावरही चालते आणि ट्रॅकवरही’ हे वाक्य जाहिरातीत फार छान दिसते, पण दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण अशा गाड्यांसाठीच केलेली असावी. ट्रॅकचे पॅड तापल्याशिवाय धरत नाहीत. सकाळी सिग्नलला गाडी थांबताना ते लोकलच्या ब्रेकसारखे ओरडतात आणि थांबवतात मात्र उशिरा. वळणात टायर पूर्ण टेकावा म्हणून चाकांना तीन अंश आत कलवले, की महामार्गावर त्याच टायरची आतली कड काही महिन्यांत गुळगुळीत होते. रोल बारचे तर मला नेहमीच भय वाटे. हेल्मेट घातलेले असताना जी नळी जीव वाचवते, तीच नळी ऑफिसला जाताना, उघड्या डोक्याने, मागून कोणी ठोकले तर कवटीला लागू शकते. तिच्यावर कडक फोम गुंडाळलेला असला तरी. ट्रॅकवर नेहमी येणारे लोक पूर्ण पिंजरा बसवलेली गाडी ट्रेलरवरून आणत आणि माझ्यापुढून निघून जात. रस्त्यावर बायको म्हणे की या गाडीत बसून पुण्याच्या रिक्षांची आठवण येते. त्यात मुलगी सात वर्षांची झाली. दोन आसनांच्या गाडीत तिघांपैकी कोणीतरी नेहमी घरी राहते, आणि ते कोण हे ठरवण्याची वेळ येऊ लागली, तेव्हा निर्णय आपोआप झाला.

विकायचे ठरल्यावर पहिला प्रश्न असा की गाडी आहे तशी विकावी, की सगळे काढून मूळ रूपात आणावी आणि भाग वेगळे विकावेत. वहीत बेरीज केली तेव्हा निव्वळ भागांचा खर्च अकरा हजार डॉलरच्या थोडा वर निघाला, मजुरी सोडून, कारण मजुरी बहुतेक माझीच होती. बाजाराचा कौल मात्र उलटा असतो. घेणाऱ्याच्या दृष्टीने तुमचा प्रत्येक वाढीव भाग म्हणजे आधी एक संशय आणि मग, जमलेच तर, एक सोय. कॉइलओव्हर बसवलेत, म्हणजे गाडी हाणली असणार; रोल बार आहे, म्हणजे पत्र्याला भोके पाडली असणार. दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती.

माझ्या बाजूने एकच गोष्ट होती. मी काढलेला एकही मूळ भाग टाकला नव्हता. मूळ शॉक अॅब्सॉर्बर, स्प्रिंगा, सोळा इंची चाके, दोन्ही आसने, पुढचा बारीक बार, अगदी रबरी बुशांसह सगळे गॅरेजच्या फळीवर खोक्यांत होते, आणि प्रत्येक खोक्यावर काढल्याची तारीख आणि त्या दिवशीचे मैल लिहिलेले होते. एअरबॅगसाठी स्टिअरिंग व्हील तर मी कधी बदललेच नव्हते. शेवटी मधला मार्ग धरला: शर्यतीचे आसन काढून वेगळे विकले आणि मूळ आसने परत बसवली, बाकीचे होते तसेच ठेवले, आणि मूळ भागांची सगळी खोकी गाडीबरोबर देऊ केली. आज पुन्हा विकायची वेळ आली तर हेच करेन. वाढीव भागांपेक्षा काढून ठेवलेल्या भागांना अधिक मोल येते, हे मला गाडी घेताना कोणी सांगितले असते तर फळ्या आणखी मजबूत केल्या असत्या.

कॅलिफोर्नियात यापुढे आणखी एक गाळणी असते, ती म्हणजे स्मॉग चाचणी, गाडीच्या धुराची तपासणी. गाडी विकताना नव्वद दिवसांच्या आतले प्रमाणपत्र देणे ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. २००० सालच्या आणि त्यापुढच्या पेट्रोल गाड्यांना संगणकाला तार जोडून तपासतात, शिवाय बॉनेट उघडून नजरेने पाहतात. हवेच्या मार्गात बदललेल्या भागावर राज्याच्या हवा मंडळाने दिलेला मंजुरीचा क्रमांक छापलेला नसेल तर गाडी नापास. जुलै २०२१ पासून तर इंजिनाच्या संगणकातला प्रोग्रॅम मूळचा किंवा मंजूर केलेला नाही असे आढळले, तरी नापास. थंडरहिलच्या पार्किंगमध्ये ज्यांनी मला ‘प्रोग्रॅम बदल, वीस घोडे वाढतील’ म्हणून वेड्यात काढले होते, त्यांतले दोघे नंतर विकायच्या वेळी आठवडाभर गाडी पूर्ववत करत बसलेले मी पाहिले. माझ्या गाडीचे एअर इनटेक मंजुरीच्या क्रमांकाचे होते, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मूळचा होता, आणि त्याच्या मागचा सायलेन्सर तेवढा बदललेला होता. तो बदलायला हरकत नसते, फक्त आवाजाची मर्यादा पाळावी लागते. लागुना सेकाला, मॉन्टेरीजवळच्या त्या ट्रॅकला, बहुतेक दिवशी ९० किंवा ९२ डेसिबलच्या वर गेलेल्या गाडीला बाहेर बोलावतात, तेव्हा सायलेन्सर निवडताना मी रस्त्यापेक्षा तिथल्या मायक्रोफोनची भीती अधिक बाळगली होती.

भारतातल्या मित्रांना हे सांगितले की ते हसतात. तिकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीच्या मूळ घडणीत बदल करायलाच बंदी आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले. इकडे बदलाला मोकळीक आहे, फक्त धूर कोणता निघतो त्याचा जाब द्यावा लागतो. मला दुसरी पद्धत पटते, निदान तिच्यात मोजमाप आहे.

जाहिरात लिहायला मी दोन संध्याकाळी घेतल्या. पहिल्या मसुद्यात भागांची भलीमोठी यादी होती आणि एक गोष्ट नव्हती. ती गोष्ट अशी. चार वर्षांपूर्वी थंडरहिलला, ब्रेक लावता लावता पाचव्यातून चौथ्यात जायचे होते आणि घाईत गिअर दुसऱ्यात गेला. चौथा आणि दुसरा दोन्ही खालच्या बाजूला असतात, हात किंचित डावीकडे गेला की चुकतो. पाचव्यात साधारण पाच हजार आरपीएम होते. चौथ्यात ते सहा हजारांच्या आसपास गेले असते. दुसऱ्यात, गिअरच्या गुणोत्तरांप्रमाणे, साडेदहा हजार. फेरे मर्यादेबाहेर गेले की इंधन तोडणारा इंजिनाचा इंधनरोधक इथे उपयोगाचा नाही, कारण इंजिनाला इंधन फिरवत नसते, चाके फिरवत असतात. मी लगेच क्लच दाबला, पण काटा कुठवर गेला ते पाहायला कोणाला शुद्ध असते?

या इंजिनात अशा चुकीची शिक्षा व्हॉल्व्हच्या स्प्रिंगवर बसणाऱ्या रिटेनरला होते. बोटाच्या पेरावर मावेल अशी ती पोलादी वाटी असते, मध्ये निमुळते भोक, त्यात दोन अर्धगोल चाव्या व्हॉल्व्हची दांडी धरून ठेवतात. स्प्रिंग लटपटली की चाव्या भोकात खोल रुततात आणि वाटीला आतून चीर जाते. गाडी तशीच चालत राहते, आवाजही येत नाही, आणि एखाद्या दिवशी वाटी फुटून व्हॉल्व्ह थेट सिलिंडरमध्ये पडतो. त्या शनिवारी मी झाकण काढून सोळाही वाट्यांवर आडवी पट्टी ठेवून पाहिली. पंधरांतल्या चाव्या एका पातळीत होत्या. तिसऱ्या सिलिंडरच्या एका वाटीतल्या चाव्या केसभर खाली होत्या. ती काढून भिंगाखाली धरली तेव्हा आतल्या कडेला नखाला लागेल एवढी चीर दिसली. २००४ नंतरच्या मॉडेलचे रिटेनर याच कारणासाठी लोक जुन्या इंजिनांत घालतात. मी सगळे सोळा घातले, आणि चिरलेली वाटी तारखेसह प्लास्टिकच्या पाकिटात ठेवली.

हे जाहिरातीत लिहावे की नाही? मित्रांचे मत पडले की लिहू नये, कोणी विचारले तर सांगावे. मी अण्णांना फोन केला. ते म्हणाले, “नगात खोट हाय, तर ती आधी आपणच दावायची. गिऱ्हाइकानं काढली, की मग समदा माल खोटा.” मी ती हकिकत, वाटीचे छायाचित्र आणि सिलिंडरमधून हवा किती गळते ते मोजणाऱ्या नंतरच्या लीक-डाउन चाचणीचे आकडे जाहिरातीत सगळ्यात वर टाकले. मडगार्डच्या भेगांचा फोटो त्याखाली.

पहिल्या महिन्यात जी पत्रे आली त्यांतली निम्मी फक्त हार्डटॉपबद्दल, म्हणजे कापडीऐवजी बसवायच्या टणक छपराबद्दल, होती. होंडाचा मूळ अॅल्युमिनियमचा हार्डटॉप माझ्याकडे होता आणि तो आता सहजी मिळत नाही, त्यामुळे ‘गाडी नको, छप्पर तेवढे द्याल का’ असे लोक न लाजता विचारीत. एकाने त्याच्या मोटारसायकलीशी अदलाबदल सुचवली. विशीतला एक मुलगा दोन मित्रांना घेऊन आला, सहा हजारांच्या वरचा आवाज ऐकायची इच्छा त्याने सांगितली. मी त्याला शेजारी बसवून एक फेरी मारून आणली, तो अतिशय खूश झाला आणि घासाघीस न करता निघून गेला. अनोळखी माणसाच्या हाती मी सहजी स्टिअरिंग दिले नाही. रस्त्यावरच्या फेरीला त्याचा विमा पाहिल्याशिवाय नाही, आणि तेही आधी शेजारी बसून एक फेरी झाल्याशिवाय नाही, हा नियम शेवटपर्यंत पाळला. एक गृहस्थ चिरलेल्या वाटीचा फोटो छापून घेऊन आले आणि ‘इंजिन गेलेलेच समजा’ म्हणून निम्मी किंमत बोलले. त्या रात्री अण्णांचा सल्ला मला थोडा महाग वाटला.

दहाव्या आठवड्यात सॅक्रामेंटोकडून एक बाई आल्या. पंचेचाळिशीच्या असाव्यात, विमानांच्या देखभालीचे काम करणाऱ्या. त्यांनी इंजिन चालू करायला सांगितले नाही. आधी जमिनीवर पुठ्ठा टाकून गाडीखाली गेल्या, आणि मागच्या सस्पेन्शनच्या बोल्टांवर मी टॉर्क दिल्यावर, म्हणजे ठरलेल्या मापाने आवळल्यावर, ओढलेल्या पिवळ्या रंगाच्या रेघा एकेक करून पाहू लागल्या. बोल्ट सैल झाला तर रेघ तुटून सरकते. विमानातही तेच करतात, असे त्या खालूनच म्हणाल्या. एका बोल्टवर रेघ नव्हती. “हा?” म्हणून विचारले. मी वही आणली. तो बोल्ट मागच्या वर्षी अलाइनमेंटच्या वेळी दुसऱ्या गॅरेजने हलवला होता, आणि मी वहीत ‘तपासणे बाकी’ असे लिहून विसरलो होतो. त्यांनी माझाच टॉर्क रेंच मागून घेतला, बोल्ट तपासला, तो ठीक निघाला, आणि मग पिवळी पेन मागून रेघ स्वतः ओढली. तेव्हा मला कळले की गाडी गेली.

वही त्यांनी पाऊण तास वाचली. मराठी त्यांना येत नव्हते, आकडे, तारखा आणि भागांची नावे मात्र पुरेशी होती. मध्ये मध्ये बोट ठेवून एखादा शब्द विचारीत. ‘तपासणे बाकी’ हा शब्द त्यांनी तीन ठिकाणी स्वतः ओळखला. कॉम्प्रेशन चाचणी त्यांनी त्यांची साधने आणून केली, चारही सिलिंडर एकमेकांजवळ निघाले, आणि मग पहिल्यांदा गाडी चालवली. किमतीवर बोलणे दहा मिनिटांत आटोपले. मडगार्डच्या भेगांचे पैसे त्यांनी चोख कापले. अकरा हजारांच्या भागांचे, मूळ गाडीच्या भावाच्या मानाने, मला साधारण काहीच मिळाले नाही. पण तेवढ्या खुल्या मनाने मूळ खोकी मोजून घेणारे दुसरे कोणी मिळाले असते असे वाटत नाही. त्यांनी पाचशे डॉलर इसार दिला आणि पुढच्या शनिवारी ट्रक घेऊन आल्या.

कागदपत्रे सोपी होती. पिंक स्लिपवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, सही, स्मॉगचे प्रमाणपत्र, विक्रीची पावती. इथे नंबरप्लेट गाडीबरोबरच जाते, त्यामुळे पाच दिवसांच्या आत डीएमव्हीला, म्हणजे राज्याच्या वाहन विभागाला, गाडी विकल्याची सूचना न पाठवल्यास गाडीवर पुढे बसलेल्या दंडांची पत्रे जुन्या मालकाकडे येत राहतात. मी ती सूचना त्या तिथेच उभ्या असताना फोनवरून पाठवली. खोकी ट्रकमध्ये चढली, हार्डटॉप ब्लँकेटात गुंडाळून वर बांधला. वही दिली. मग मी खिशातून ते प्लास्टिकचे पाकीट काढले आणि वाटी आठवण म्हणून माझ्याकडे ठेवू का, असे विचारले. त्या म्हणाल्या, “तो गाडीच्या नोंदींचा भाग आहे,” आणि हात पुढे केला. पाकीट त्यांनी वहीच्या त्या तारखेच्या पानात ठेवले.

रात्री गॅरेजच्या फरशीवरचा तेलाचा डाग पुसत होतो तेव्हा फोनवर एक नवे पत्र येऊन पडले होते. हार्डटॉप अजून आहे का?